उत्तर ज्याचं त्याने द्यावं

प्रज्ञाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभा होतो. तिचे यजमान आनंदराव फार बोलले नाहीत. "झोपेतच गेली. नीलेशला तू कळव, माझ्याच्याने होणार नाही," एवढंच म्हणाले. मी रांगेतून बाहेर आलो, नीलेशचा नंबर काढला आणि फोन न करता दोन ओळींचा मेसेज पाठवला. तो स्मशानात आला, फाटकापाशी थोडा वेळ उभा राहिला आणि कोणाशीही न बोलता निघून गेला. तो आत का आला नाही, याचं खरं कारण तिथे जमलेल्यांत एकट्या मला ठाऊक होतं. त्याला आता पाच आठवडे होतील.

प्रज्ञाताई वीज खात्यात इंजिनिअर होती. मी आणि नीलेश तिच्याच कचेरीत, शेजारशेजारच्या टेबलांवर कारकून. तिच्या भाचीने एकदा परदेशातून एक खेळ आणून दिला. त्यात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कोणाचं काय झालं ते फासे ठरवतात. पन्नाशीकडे झुकलेल्या तिघांनी असलं काही खेळावं हे पहिले दोन शनिवार आम्हालाही हास्यास्पद वाटलं. मग वाटेनासं झालं. बिबवेवाडीतला तिसरा मजला, दुपारचे ओढलेले पडदे, भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची एक बारीक पट्टी… ताई डोळे मिटून घ्यायची आणि सांगू लागायची. तिचा आवाज हळूहळू खाली उतरायचा, आणि त्याच्याबरोबर आम्हीही कुठेतरी उतरत जायचो. पाण्याखाली बुडालेली गावं, बोटभर उजेडात चालणारी माणसं. खालच्या रिक्षांचे हॉर्नसुद्धा त्या गावातलेच वाटायचे. नीलेश सहा वर्षं भैरू नावाचा पाणबुड्या होता. मी मांत्रिक. माझ्याजवळ विजेचा मंत्र होता.

मूळ पुस्तकातला नियम सोपा होता. मंत्र म्हटला की वीज सरळ रेषेत जाते, वाटेत येईल त्याला लागते, मग तो राक्षस असो की मित्र. सहा फासे टाकायचे, बेरजेइतकी इजा. ताईने तो वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे लिहिणाऱ्याने जन्मात कधी फ्यूज तरी बदललाय का? पाण्यात वीज सरळ जाते होय?" तिने आपले दोन नियम घातले. पाण्यात वीज पडली तर पाण्यातल्या सगळ्यांना लागणार. आणि मंत्र म्हणण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, तू कुठे आहेस? उत्तर ज्याचं त्याने, स्वतःच्या तोंडाने द्यायचं. दुसऱ्याच्या वतीने चालणार नाही.

"खेळात एवढं कशाला?" असं मी विचारलं, तेव्हा तिने नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगितली. लोणी काळभोरच्या बाजूला लाइनवर काम चालू होतं. खांबावर चढलेल्या माणसाने स्वतः येऊन ‘लाइन मोकळी झाली’ असं म्हणेपर्यंत पुरवठा सुरू करायचा नाही, ही तिथली रीत. "त्या दिवशी कोणीतरी म्हणालं, उतरला असेल तो…" पुढचं तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वीचा तो शनिवार. गोष्टीत एका जुन्या हौदात भलामोठा सर्प होता आणि त्याच्यासाठी वीज माझ्या ओठांवर होती. भैरूने पाण्यात बुडी मारली होती. तो पाण्यात आहे की बाहेर, हे नीलेशने आपल्या कागदावर लिहून कागद पालथा ठेवला होता. तशी पद्धतच होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो पाय न वाजवता बाल्कनीत गेला. ताईचे डोळे मिटलेले. तिला कळलं नाही. ती त्याच खालच्या आवाजात म्हणाली, "भैरू, कुठे आहेस?"

मी थांबायला हवं होतं. पण दोन आठवडे मी त्या विजेची वाट पाहत होतो, आणि भैरू बाहेर आला असेल असं मला वाटलं. इतकी वर्षं शेजारी बसून नीलेशचा गेंगाणा स्वर माझ्या तोंडात बसला होता. मी त्या स्वरात म्हणालो, "बाहेर."

वीज पडली. फासे झकास पडले, सर्प मेला. नीलेश आत आला, सगळं ऐकून त्याने कागद उलटा केला. भैरू पाण्यातच होता; म्हणजे सर्पाबरोबर तोही मेला.

"तूच म्हणालास की बाहेर," ताई म्हणाली.

"मी? मी बाल्कनीत फोनवर होतो!"

"माझ्या कानांनी ऐकलं, नीलेश."

"म्हणजे मी खोटारडा? स्वतःचा नियम स्वतः मोडायचा आणि वर मलाच… भैरूचं जाऊ दे. कान तपासून घ्या बाई, कान!"

तो गेला. मी फासे डबीत भरत होतो. ताई माझ्याकडे वळली. "सुहास, तू ऐकलंस ना रे?"

"माझं लक्ष नव्हतं, ताई."

हे एवढं वाक्य. त्या दिवशी मी खरं बोललो असतो तर दोघांनी मिळून मला शिव्या घातल्या असत्या, चहा झाला असता, पुढच्या शनिवारी नीलेश भैरूचा भाऊ होऊन खेळायला आला असता. ताईने खरोखरच कान तपासून घेतले. ते ठणठणीत निघाले, आणि तेच तिला जास्त लागलं. कानात दोष नाही, तर मग डोक्यात आहे का? त्यानंतर ती डोळे उघडे ठेवून गोष्ट सांगू लागली. माझ्या ओठांकडे बघत. काही महिने आम्ही दोघांनी रेटलं, पण ती गावं पुन्हा दिसली नाहीत… मग तेही बंद झालं. नीलेश तिच्याशी परत बोलला नाही.

ही हकीकत छापायला देण्याआधी मी हडपसरला नीलेशकडे गेलो. तो खाली पार्किंगमध्ये गाडी धूत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तो फडकं पिळत राहिला. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"तिने खरंच तपासले कान?"

"हो."

"मी रागात बोललो होतो रे." त्याने फडकं बादलीवर टाकलं. "आनंदरावांना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय करतोयस? चल. माझी गाडी ओली आहे, तुझीच काढ."

आम्ही बिबवेवाडीला गेलो.

आनंदरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी स्वयंपाकघरातून हाक मारली, की ती हातातलं टाकून उठून यायची. दारात उभी राहून विचारायची, अहो, आत्ता तुम्हीच बोललात ना? रोज. मला वाटायचं, वय झालं."

ते उठून आत गेले. भांड्याचा आवाज आला, गॅसच्या लायटरचा आवाज आला. मग ते बाहेर आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, आणि आम्ही दोघांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहीपर्यंत गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "चहात साखर किती?"