कराडच्या आईचा युगांडातला विधी

युगांडातल्या एका गुहेत पर्यटक ज्याला 'प्राचीन विधी' म्हणतात, तो आमच्या आईने मागच्या वर्षी सुरू केला.

आम्ही राहतो आयर्लंडमधल्या लिमरिकला. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, पण माझा खरा धंदा लोकांना अक्कल शिकवण्याचा (बिनपगारी!). आई कराडहून आली, तिला घेऊन युगांडाला जायचं ठरलं आणि मी शेजारच्या आयरिश मोराबाईंना त्यांच्याच स्वयंपाकघरात गाठलं.

"बाट्वा लोकांची गुहा बघणार आहोत. जंगलातले मूळ रहिवासी हो! जंगल राखीव झालं आणि त्यांनाच बाहेर काढलं. अशा ठिकाणी आपण मागे काही म्हणजे काही सोडायचं नाही!"

"ग्रँड, ग्रँड," (म्हणजे इकडचं 'बरं, बरं') म्हणत त्या चहा ओतत राहिल्या. जबाबदार पर्यटक म्हणून कॉलनीत माझं नाव झालं. आता ते टिकवणं आलं!

गुहेच्या तोंडाशी आमचा बाट्वा वाटाड्या, एमॅन्युएल, माहिती देत होता.

"काय म्हनतोय?" आईने विचारलं.

"त्याचे आजोबा इथे राहायचे म्हणे."

झालं! आईने बूट काढले.

"आई, अगं आत खडक आहेत!"

"आरं, कुनाच्या घरात बूट घालून शिरायचं व्हय?"

मागे चार जर्मन पर्यटक होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने आपापल्या नाड्या सोडल्या. आता एकट्याने कसं राहायचं, म्हणून बिचाऱ्या एमॅन्युएलनेही गमबूट काढले.

तोवर आईच्या पिशवीतून हळदीकुंकवाचा करंडा बाहेर आला होता. (विमानतळावर माझी दाढीची क्रीम जप्त झाली, करंडा सुटला!) तोंडाशी एक आडवा दगड होता, त्याला तिने हळदकुंकू वाहिलं. "उंबरा मोकळा बरा दिसत न्हाई." मग घरचा माणूस म्हणून एमॅन्युएलला कुंकू लावलं. वळून बघते तो मागे जर्मनांची रांग! त्यातल्या एका बाईला तर रडूच आलं.

"किती जुना विधी आहे हा?" एका जर्मनाने मला हळूच विचारलं.

"अहो, ती माझी आई—"

"श्शू! जरा आदर ठेवा!"

मला! कॉलनीतल्या एकमेव जबाबदार पर्यटकाला!

बाहेर आल्यावर मी एमॅन्युएलची माफी मागायला गेलो, तर तो खुशीत होता. "प्रत्येक जण विचारतो, इथे विधी कोणता होता? मी सांगतो, आम्ही इथे जेवायचो, झोपायचो. तोंडं पडतात त्यांची! माझ्या आजोबांच्या घरात बूट काढून कोणी आलं, ते आजच. ती लाल पूड अजून आहे का हो?"

आईने अख्खा करंडा त्याच्या हातात ठेवला. मी लिमरिकला परतल्यावर कोणाला काही बोललो नाही.

यंदा मोराबाई युगांडाला जाऊन आल्या. मी दार उघडलं तर त्यांच्या कपाळावर ठसठशीत कुंकू!

"तुम्ही तिथे गेला होतात आणि या विधीबद्दल एक अक्षर बोलला नाहीत?"

"मोराबाई, तो आमच्या आईने—"

"हेच! सगळं तुम्हाला आपलंच वाटतं! गाइड स्वतः म्हणाला, एका जाणत्या म्हाताऱ्या बाईकडून आलंय. चला, शिकवते. बूट काढा!"

नेमका त्याच वेळी कराडहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. म्हटलं, निदान ही तरी माझी बाजू घेईल.

"गप उभा ऱ्हा आनि शीक," आई म्हणाली. "मला काय जन्मात जमलं न्हाई तुला शिकवायला."

मी अनवाणी, माझ्याच दारात, गपगुमान उंबऱ्याशी वाकलो. मोराबाईंनी लगेच माझा हात धरला. मी चुकीच्या बोटाने कुंकू लावत होतो.