मायब्रिटचा कायमचा पत्ता

कोपनहेगनच्या आमागर भागात भल्या सकाळी पालिकेच्या निळ्या कोटात, वाऱ्याला शिव्या घालत सायकल मारणारी बाई दिसली, तर ती मायब्रिट समजावी. या शहरात वारा चारी दिशांनी वाहतो, पण मायब्रिटचं म्हणणं, तिला तो कायम समोरूनच लागतो. महापालिकेच्या घरसेवेत तिची अकरा वर्षं गेली होती. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या आणि पायमोजे चढवायचे. हे मोजे साधे नव्हेत. पायाला सूज येऊ नये म्हणून डॉक्टरने दिलेले, गुडघ्यापर्यंतचे, आणि इतके घट्ट की धडधाकट माणसालाही स्वतःचे स्वतःला चढवताना घाम फुटावा. मायब्रिट ते असे चढवायची की सुरकुती औषधालाही सापडायची नाही.

मोजे चढवण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं. घराच्या बाबतीत मात्र नशीब कायम पाठमोरं. नवऱ्यापासून वेगळी होऊन छोट्या लेकीला, सिग्नेला, कडेवर घेऊन ती या शहरात आली, तेव्हापासून कुणाची मागची खोली, कुणाचा पोटमाळा, कुणाचं वर्षभरापुरतं रिकामं घर, असं चाललं होतं. काही खोकी तर तिने आल्यापासून उघडलीच नव्हती. उघडायची कशाला, पुन्हा बांधायचीच ना?

सरकारी नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, बाई सुखात आहे. पगार वेळच्या वेळी, रजा भरपूर, म्हातारपणी पेन्शन. ते सगळं खरंच आहे. पण ज्या शहराची सेवा करायची, त्या शहरात स्वतः राहायचं कुठे, हे पालिकेने कुठेच सांगितलेलं नाही. मायब्रिटच्या पगारातला निम्म्याहून मोठा घास घरभाडंच खायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण ही म्हण करणाऱ्याकडे निदान अंथरूण टाकायला जागा तरी असणार.

तिची बहीण हेले पार पश्चिमेला, समुद्राकाठच्या लेम्विगला राहायची. दर रविवारी फोनवर तिचं एकच पालुपद.

"अगं, तू देतेस तेवढ्या भाड्यात इथे बंगला येईल. वर सफरचंदाची झाडं फुकट."

"आणि करमणुकीला काय? आज गाय हरवली, उद्या गाय सापडली."

"हस तू. म्हातारी माणसं इथेही आहेत. मोजे इथेही घालतात."

मायब्रिट विषय बदलायची. तिला हे शहर आवडायचं, आणि सिग्नेला तर आपण दुसऱ्या कुठल्या गावच्या असू शकतो हेच ठाऊक नव्हतं. तिची शाळा, तिचा हँडबॉलचा संघ, तिच्या भांडणाच्या आणि गळ्यातल्या मैत्रिणी, सगळं इथेच होतं.

मायब्रिटच्या फेरीत पहिलं घर थॉर्किलचं. गोदीत आयुष्यभर वेल्डिंग केलेला हा म्हातारा सत्याऐंशीचा होता. बायको कधीच गेलेली, ऐकू नको तेवढं चांगलं येणारं, आणि जीभ अजून तापलेली. एका जुन्या सहकारी सोसायटीत तळमजल्यावर त्याचं घर होतं.

"आलीस? मला वाटलं, वाऱ्याने उचलून स्वीडनला नेली."

"नेलीच होती. त्यांनी परत पाठवली. म्हणाले, ठेवा तुमची तुमच्याकडेच. पाय इकडे कर."

"हळू! पाय आहे तो, सॉसेज भरत नाहीयेस."

एका नाताळात त्याने तिच्यापुढे पोर्ट वाइनची बाटली ठेवली होती. तिने ती उचलून त्याच्याच फळीवर ठेवून दिली. पालिकेचा नियम साधा होता. ज्यांची सेवा करतो, त्यांच्याकडून कॉफीचा कप चालतो, त्यापुढे काडीही नाही.

"पालिका तुला धड पगार देत नाही आणि दुसऱ्याला काही देऊही देत नाही," थॉर्किल कडाडला. "ही आई आहे की सावत्र आई?"

"आईच. केक देत नाही, पण उपाशीही ठेवत नाही."

हे ती नुसतं बोलायला बोलली नव्हती. सिग्नेचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा मायब्रिट इस्पितळात तिच्या उशाशी बसून होती. रजा मिळाली, पगारातला एक क्रोनही कापला गेला नाही, आणि इस्पितळातून निघताना कुणी बिल पुढे केलं नाही. ते दिवस ती विसरली नव्हती. त्या दिवसांसाठी तिने पालिकेला घरभाड्याचं दुखणं माफ केलं होतं.

"बरं," थॉर्किल म्हणाला, "तुझी बाटली तिथेच उभी राहील. नियम म्हातारा झाला की घे."

दोन वर्षांपूर्वी तिला एक चांगलं घर मिळालं, पण तेही उसनंच. त्याची मालकीण शिक्षिका होती आणि ग्रीनलंडला शिकवायला गेली होती. ऑक्टोबरात तिने कळवलं, मेअखेर मी परत येतेय. तिचं घर, ती येणारच. त्या दिवसापासून मायब्रिटला जेवण गोड लागेना. भाड्याची घरं बघितली, तर एकेकाचं भाडं ऐकूनच ती उलट पावली परत आली.

थॉर्किलला ती काही सांगणार नव्हती. पण म्हाताऱ्याने पायाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"सुरकुती आलीय."

"कुठे?"

"घोट्यापाशी. तुझ्या हातून कधी येत नाही. कोण मेलं?"

तेव्हा तिने सांगितलं. ऐकून थॉर्किल खुशीत आला, जणू तिने आनंदाची बातमी दिली.

"एवढंच? अगं, आमच्या सोसायटीत प्रत्येक सभासदाला यादीत एक नाव घालता येतं. घर रिकामं झालं की यादीतल्यांना मिळतं, आणि किंमत सोसायटीची, बाजाराच्या निम्मी. माझ्या वाट्याची जागा अजून रिकामीच आहे. तुझं घालतो."

मायब्रिटचा हात थांबला. ज्याची आपण सेवा करतो, त्याच्या शब्दावर आपल्याला या शहरात घर मिळणार! उद्या कुणी म्हटलं, एकट्या म्हाताऱ्याला गोड बोलून बाईने घर लाटलं, तर?

"नाही. माझी नोकरी जाईल. आणि असं केलं तर जायलाच पाहिजे."

"घर कोण देतंय? नुसतं नाव घालतोय."

"नावही नको. हा विषय पुन्हा काढू नकोस, थॉर्किल. काढलास तर..."

"तर काय? मोजे परत नेशील?"

ती हसली नाही. कोट घालून निघून गेली. जाताना दार जरा जोरात लागलं.

पुढच्या सोमवारी तिची साहेब पर्निले हिने तिला बोलावलं. "तुझी फेरी बदललीय. थॉर्किलकडे आता येप्पे जाईल. थॉर्किलनेच फोन करून दुसरं माणूस मागितलं."

"का? काय म्हणाला?"

"कारण सांगायचं त्याच्यावर बंधन नाही. आणि माझ्यावरही नाही."

आपण भल्यासाठी नाही म्हटलं आणि म्हातारा रुसला, हे मायब्रिटच्या मनाला फार लागलं. माणसं सोडून जाण्याची तिला सवय होती. या कामात ती मरतात, दवाखान्यात जातात. पण जिवंत माणसाने हिला काढा म्हणून सांगावं, हे पहिल्यांदाच घडलं. त्याच्या खिडकीवरून सायकल जायची तेव्हा तो आत दिसायचा. तिला पाहताच तोंडापुढे वर्तमानपत्र धरायचा.

दाढीवाला, ओंडक्यासारखा येप्पे कचेरीत भेटला की ती आडून आडून विचारायची.

"बरा आहे ना तो?"

"मोजे चढवताना शिव्या घालतो."

"माझं नाव काढतो?"

"एकदाही नाही. शिव्या मात्र रोज नव्या."

हिवाळा असाच गेला. लेम्विगच्या पालिकेत एक जागा निघाली. हेलेने माडीवरची खोली रंगवायला काढली. सिग्नेला सांगितलं, तेव्हा तिने ताट सरकवलं, खोलीचं दार लावून घेतलं आणि दोन दिवस आईशी कामापुरतंच बोलली. मायब्रिटने पर्निलेच्या कानावर घातलं, "महिनाअखेर राजीनामा देईन." "महिनाअखेरपर्यंत थांब," एवढंच पर्निले म्हणाली.

महिना संपायच्या आधीच एक फोन आला.

"मी फ्लेमिंग, सोसायटीचा अध्यक्ष. पहिल्या मजल्यावरचं घर रिकामं होतंय. तुला हवंय का?"

"चुकीचा नंबर लागलाय."

"मायब्रिट तूच ना? यादीत तुझ्या वर दोघं होते. एकाला दुसरीकडे घर मिळालं, दुसरीला लिफ्टशिवाय चालत नाही. आता तुझा नंबर."

"माझं नाव कुणी घातलं?"

"थॉर्किलने. दर महिन्याला दारात येऊन विचारायचा, कुणी मेलं का, कुणी लग्न केलं का, कुणी घर सोडतंय का. घर घे बाई, म्हणजे आम्ही सुटलो."

दुसरी असती तर नाचली असती. मायब्रिट घाबरीघुबरी होऊन पर्निलेकडे धावली. आपण नको म्हटलं होतं, म्हाताऱ्याने परस्पर केलं, असं सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. पर्निलेने खुर्ची पुढे सरकवली.

"बस. ऑक्टोबरात त्याचा मला फोन आला. विचारलं, जी बाई माझे मोजे चढवते, तिचं नाव सोसायटीच्या यादीत घालता येतं का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाला, जी बाई चढवत नाही, तिचं? मी म्हटलं, तिच्याशी पालिकेचा काय संबंध. तर म्हणाला, मग उद्यापासून दुसरं कुणी पाठव. आणि तिला यातलं काही सांगू नकोस."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? मी वरही विचारून घेतलंय. तू आता त्याच्या सेवेत नाहीस, किंमत सोसायटीची, व्यवहार सोसायटीचा. तुझ्या नावाला डाग लागत नाही. जा, घर घे."

मायब्रिट बाहेर आली आणि सायकलींच्या छपराखाली उभी राहून रडली. घर मिळालं म्हणून नव्हे, ते नंतर कळायचं होतं. म्हाताऱ्याने अख्खा हिवाळा येप्पेच्या हातच्या सुरकुत्यांत काढला होता. दिवसातलं त्याचं एकच हक्काचं भांडण त्याने आपण होऊन सोडलं होतं. आणि ती त्याला रुसलेला समजून त्याच्या खिडकीवरून जात होती.

घराच्या कर्जासाठी गेली, तेव्हा बँकेत तिने आपणहून सांगून टाकलं, "पगार काही फार नाही."

समोरच्या माणसाने मान वर केली. "नोकरी कुठे?"

"महापालिकेत. अकरा वर्षं."

"मग आधी तेच सांगायचं," तो म्हणाला. "मोठे पगारवाले इथे पुष्कळ येतात, आणि पुढच्या वर्षी त्यांची कंपनीच नसते. तुझी पालिका कुठे जातेय?"

ज्या पगारात शहरात घर भाड्याने मिळत नव्हतं, त्याच पगाराच्या खात्रीवर कर्ज मिळालं. बँकेच्या पायऱ्या उतरताना मायब्रिटने मनातल्या मनात पालिकेला हात जोडले. केक नाही, पण भाकरी खरी, आणि भाकरीवर कुणी विश्वासही ठेवतं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी ती सामान घेऊन आली. त्याच दिवशी सोसायटीत श्रमदान होतं. अख्खी बिल्डिंग अंगणात, कुणी कुंपण रंगवतंय, कुणी तण उपटतंय, फ्लेमिंग शेगडीवर सॉसेज भाजतोय. टेम्पो बघताच सगळ्यांनी ब्रश-खुरपी टाकली आणि खोकी उचलली. तिने नको नको म्हणेपर्यंत तिचा संसार पहिल्या मजल्यावर पोचला होता. सिग्ने तर शेजारच्या पोरींबरोबर कुंपण रंगवायला बसलीसुद्धा.

थॉर्किल बाकावर बसला होता. तोंडापुढे वर्तमानपत्र.

"उलटं धरलंयस," मायब्रिट म्हणाली.

त्याने ते खाली ठेवलं. मग तिची नजर सवयीने त्याच्या पायांकडे गेली. घोट्यापाशी मोज्याच्या चार-चार वळकट्या. ती गुडघे टेकून खाली वाकली, तसा त्याने पाय मागे घेतला.

"हात लावायचा नाही. तू कामावर नाहीस."

"सुरकुत्या आहेत."

"येप्पेच्या आहेत. राहू दे. पोरगा शिकेल हळूहळू." आणि त्याने बाकाखालून बाटली काढली. तीच, पोर्टची, नुकतीच पुसलेली. "शेजारणीला चालते ना?"

मायब्रिटने अकरा वर्षांच्या सवयीने इकडेतिकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी बाटली घेतली.

"थॉर्किल, मी तुझे उपकार..."

"गप. एक काम कर, वर माझ्या डोक्यावर चालताना पाय आपट. आधीचे लोक मांजरासारखे चालायचे. वर कुणी आहे की नाही, मला कळायचंच नाही."

संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले. बाहेर अजून लख्ख उजेड होता. मायब्रिटने वर्षानुवर्षं बंद असलेलं एक खोकं फोडलं. आत तिच्या आईचे खडावांसारखे लाकडी जोडे निघाले. तिने ते पायात घातले आणि स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत खाडखाड चालत गेली. मग परत आली. मग पुन्हा गेली.

"आई, काय करतेस?" सिग्नेने विचारलं.

"काही नाही," मायब्रिट म्हणाली. "घरी आलेय, ते सांगतेय."