मऊ पेडल

"आर्नल्ड, पेडल परत खाली जातंय!"

"जोर कमी लाव, ग्लेनिस. बस थांबवायची नाहीये."

"सहाव्यांदा ब्रेकमधली हवा काढतोय आपण. मी दाबते, तू नट सैल करतोस. तरी लोण्यासारखं मऊ!"

डडली गावातल्या घरामागच्या गॅरेजात आर्नल्ड चाकापाशी आडवा पडला होता; त्याची बायको ग्लेनिस गाडीत बसून पेडल दाबत होती. भंगारातल्या एका गाडीचं इंजिन, चाकं, ब्रेक काढून त्याने चार वर्षांत ही चिमुकली उघडी गाडी उभी केली होती. आज अकरा वाजता सरकारी तपासणी होती. ती हुकली तर पुढची तारीख हिवाळ्यात, आणि तोवर गाडी रस्त्यावर आणायची सोय नाही.

"ब्रेकच्या नळ्या नव्या घातल्यास ना?"

"जुन्याच आहेत. स्वच्छ धुतल्यात."

"वीस वर्षांच्या रबराला आंघोळ घातलीस? दाबलं की फुगतंय ते, म्हणून पेडल मऊ!"

"अगं, चार मैल तर जायचंय!"

"तीस वर्षं डेपोत फिटर होतास. अशी बस फाटकाबाहेर सोडली असतीस?"

आर्नल्ड उठला. चिंधीला हात पुसत त्याने घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा. मग खिशातली गाडीची किल्ली काढून त्याने ग्लेनिसच्या हातावर ठेवली आणि तपासणी रद्द करायचा फोन करायला बाहेर निघून गेला.