अप्पांच्या दमाएवढं गाणं

फोन ठेवू नको गं पोरी, सासरी गेलीस तशी आजीला तोंड दाखवायचंच सोडलीस. काल पेटी उघडले, तर खोबरेल तेलाचा वास आला आणि माझ्या अप्पांची क्लॅरनेट हाताला लागली. अप्पा लग्नाच्या बँडात वाजवायचे. एका साली बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीत आम्ही वस्तीतल्या बाया पहिल्यांदाच गाणार होतो, आणि दम्यानं अप्पांना धड चालवतही नव्हतं. माझी आई त्यांना म्हणाली, "कामून जीव काढायलाव? ढोल हाय की." ते म्हणाले, "जल्मभर लोकांच्या वराती वाजवलो, एकदा आपली वाजवू द्या." मग आम्ही लांब गाणी सोडून दोन कडव्यांचं निवडलो. तालमीत ते अर्ध्यातच खोकत खाली बसले. "अजून लहान बघा गं," म्हणाले. "आता काय नुसतं आ करून यावं का?" आई बोलली आणि पदरानं डोळे पुसली. शेवटी चार ओळींचं ठरलं. मिरवणुकीत तीन ओळी अप्पांनी वाजवल्या. चौथीला क्लॅरनेट ओठाला तशीच राहिली, सूर निघेना. ते आमच्याकडं बघायलेत, बोटं नुसतीच हलायलीत. आम्ही साऱ्याजणींनी तो सूर गळ्यानं धरलो, त्यांची बोटं थांबेपर्यंत सोडलो न्हाई. आता माझाबी दम तिसऱ्या ओळीलाच सरतो. लवकर येऊन जा, चौथी तुला धरायची हाय.