मधोमध बसलेली सुमन

सुमनच्या मुलाचा भिंगारहून फोन आला तेव्हा मी रांगोळी चाळत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. चाळणी हातातून खाली कधी ठेवली, आठवत नाही... महिना उलटून गेला, तरी संध्याकाळी कर्जतच्या या घरात एकटी बसले की सुमनला सांगण्यासारखं काहीबाही डोक्यात येतं आणि फोनकडे गेलेला हात मागे घ्यावा लागतो.

आमच्या शाळेत ती भूमिती शिकवायची, मी चित्रकला. स्नेहसंमेलनाला मैदानात मोठी गोल रांगोळी काढायचं काम शाळेने आमच्या निवृत्तीनंतरही आमच्याकडेच ठेवलं होतं आणि सुमन त्यासाठी मुलाकडून मुद्दाम यायची. एवढं मोठं वर्तुळ नुसत्या हाताने येत नाही. सुतळीचं एक टोक मुठीत गच्च धरून सुमन मधोमध फतकल मारून बसायची. दुसरं टोक माझ्याकडे. चिमटीतून रांगोळी सोडत, कमरेत वाकून मी तिच्याभोवती फिरायचे. वर्गात "केंद्र हलत न्हाई, ध्यानात ठिवा" असं मुलांना बजावणारी ही बाई स्वतः मात्र पाच मिनिटं गप्प बसेल तर शपथ! नातवाचे उद्योग, सुनेचं कौतुक, पाथर्डीकडच्या माहेरच्या भानगडी... सांगता सांगता हातवारे करायची, माझ्याकडे तोंड करायला जागच्या जागी सरकत राहायची. मग परिघाची टोकं जुळायचीच नाहीत. कधी वीतभर फट, कधी त्याहून जास्त.

"सुमे, तू हललीस!"

"मी कशाला हलतीय? तूच दोरी वढली आसशील. तुमा चित्रकलावाल्यांना त्रिज्या म्हंजी काय, ठावं तरी हाय का?"

मी चिडायचे, आणि त्या फटीवर एखादं कमळ काढून वेळ मारून न्यायचे. बघणारे नेमकं त्या कमळाचंच कौतुक करायचे. सुमन खुशाल म्हणायची, "माज्यामुळं सुचलं हिला." मला जवळचं असं दुसरं कुणी नाही. वर्षभर मी त्या एका दिवसाची वाट बघायचे.

यंदाही शाळेचा निरोप आला. जाऊ नये असंच वाटत होतं. पण नाही म्हटलं असतं तर आमच्या दोघींचं तेवढं उरलेलंही संपलं असतं, म्हणून गेले. "बाई, मदी कोन बसनार?" शिपायाने विचारलं. एक नवी शिक्षिका आपणहून पुढे झाली, गुणी पोरगी, पण तिच्या हातात सुतळी द्यायचं माझ्या जिवावर आलं. मी एक मोठा खिळा मागून मधोमध ठोकून घेतला.

वाकून चालू लागले. सुतळी मातीवर घासल्याचा आवाज मला त्या मैदानात पहिल्यांदाच ऐकू आला. फिरून सुरुवातीच्या जागी पोचले आणि रेघेला रेघ बरोब्बर मिळाली. मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

"काय बिनचूक आलंय, बाई!" मुख्याध्यापक म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आज मधे कुणी बोललंच नाही."

त्यांना ते कळलं नसावं. मुली रंग भरायला आल्या, तरी मी सुतळीचं माझं टोक धरून तशीच उभी होते.