भाचीचं सगळ्यात चांगलं मरण

माझी भाची भुताच्या सिनेमांत कामं करते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, रोह्याला असते आणि मी पेणला. पोरीचं नवीन काही आलं की मी पोह्याचे पापड घेऊन रोह्याला जाते, बहीण चहा टाकते आणि आम्ही दोघी टीव्हीसमोर बसतो. संपलं की भांडण ठरलेलं: आजवरच्या कामांत पहिला नंबर कशाचा?

माझं मत पक्कं आहे. पहिला नंबर विहिरीच्या सिनेमाचा. त्यात ती एक अक्षर बोलत नाही, नुसती पापणी न हलवता बघते. ते तिला मुंबईत कोणी शिकवलं असेल, तर मी नाव बदलीन. सुट्टीत माझ्याकडे यायची, तेव्हा वाळत घातलेल्या पापडांपाशी मी तिला कावळे हाकलायला बसवायचे. कार्टी हात हलवायची नाही, की तोंडाने हुसकायची नाही. अशी टक लावून बघायची की कावळेच कंटाळून उडून जायचे. आता अंगणात पापड घालते तेव्हा ती जागा मोकळी दिसते, आणि जीव उगाच कासावीस होतो.

दुसरा नंबर हॉस्टेलातल्या भुताचा. सगळ्यात शेवटी ती लांबण लावलेली मालिका. तिच्यात पोरगी मरते, परत येते, पुन्हा मरते. लिहिणाऱ्याला काही धरबंधच नाही.

बहिणीचा पहिला नंबर नेमका त्याच मालिकेला. "तुला काय कळतं गो त्यातलं?" मी म्हणायचे. ती नुसती पापड मोडायची.

यंदा भाचीला पहिल्यांदाच साधी भूमिका मिळाली. भूत नाही, खून नाही, शेवटी चक्क लग्न. सिनेमा दाखवायला ती स्वतः रोह्याला आली. तिच्या मनातलं मला माहीत होतं. बाजारात बायका विचारायच्या, "तुमची हडळ काय म्हणते?" आणि आई खाली मान घालून पुढे जायची. आईला आपल्या कामाची लाज वाटते, असं पोरीने धरून ठेवलं होतं. निदान हा सिनेमा तरी आईला आवडावा, एवढ्याच आशेने ती आली होती.

सिनेमा संपला. मी डोळे पुसत होते.

"आई, ह्याचा कितवा नंबर?" तिने विचारलं.

"शेवटचा," बहीण म्हणाली.

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. माझं डोकंच फिरलं. "जिभेला काय हाड हाय का तुझ्या? पोरगी एवढ्या लांबून आली ती हे ऐकायला?"

"ह्यात ती मरत नाय," बहीण म्हणाली. "ताई, तूच सांगितलेलंस ना."

मग मला आठवलं. बहिणीचं पहिलं मूल तापात गेलं होतं. पुढे ही पोर तशीच तापाने फणफणली आणि पेणला कोणीतरी निरोप आणला, पोरगी गेली. गाडीत मी तोंडात पदर कोंबून रडत होते. रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन गेलं तरी हुंदका थांबेना. घरात शिरले तर पोर अंथरुणात बसून पेज भुरकतेय आणि बहीण भिंतीला टेकून तिच्याकडे बघतेय. तिला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं होतं, "मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं गो. आता हिला काय व्हत नाय."

मी बोलले आणि विसरले. तिने ते इतकी वर्षं जपलं होतं.

"मालिकेत किती येळा मेली," बहीण भाचीला म्हणाली. "आतडं तुटतं माझं. पण बघते. एकपण मरण चुकवलं नाय."

भाचीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मग म्हणाली, "पुढच्या सिनेमात मरते हां, आई."

बहिणीने तिच्या केसांतून हात फिरवला.

"मर गो बाय," ती म्हणाली. "चांगली मर."