मातीचा गढ

पद्मजा वासनिक रायपूरच्या एका सरकारी खात्यात ट्रेसर होती. मोजणीवाल्यांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि त्याच रेघा शाईनं गिरवायच्या. बावीस वर्षं तिनं हेच केलं. वडील गोंदियाहून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेले, नवरा इंद्रजीत सिलतऱ्याच्या कारखान्यात फिटर, राहायला चौबे कॉलोनीत.

राज्य नवं झाल्याला दीड वर्ष होत आलं, तेव्हा साहेबांनी तिला बोलावलं. राज्याच्या नावातले छत्तीस गढ एका पुस्तिकेत छापायचे होते. त्यांनी नावांची यादी दिली आणि वर राजस्थानातल्या किल्ल्यांचं एक कॅलेंडर ठेवलं.

"ऐसा ही कुछ बना दीजिए, मैडम. बुर्ज, कंगूरे, बड़ा फाटक."

"सर, ये गढ़ किसी ने देखे हैं?"

"देखना नहीं है, बनाना है," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

घरी येऊन तिनं पर्स आपटली. "मोजणारा जे मोजते तेच मी काढते. मोजलंच नाही तं काढू काय? माह्या हातानं खोटं लिहवून राहिले हे!"

"चिडून काहून राहिली?" इंद्रजीत म्हणाला. "चल, पाहूनच येऊ."

तिनं रजा टाकली. पुरानी बस्तीतल्या भैय्यालालची जीप ठरवली. दहावीची परीक्षा संपवून मोकळी झालेली त्यांची मुलगी पिंकीही निघाली. रतनपूरला सगळे खूष झाले. जुनी राजधानी ती, दगडी दरवाजा, त्यावरची कोरीव माणसं, गावभर तळी. पिंकी म्हणाली, "मम्मी, ये तो सच में किला है!" पद्मजाच्याही कपाळावरची आठी जराशी सैल झाली.

यादीतलं पुढचं नाव होतं कोटरापाली. गावात पोचले तर दगड एकही दिसेना. गावाभोवती गोल, दोन माणसं उंच मातीचा बांध आणि त्याच्याबाहेर पाण्यानं भरलेली रुंद खाई. बांधावर मोहाची फुलं वेचणारी एक म्हातारी होती, मीराबाई. पद्मजानं विचारलं, "दाई, गढ़ कहाँ है?"

म्हातारीनं पायाखाली बोट दाखवलं. "हव, इही तो गढ़ आय. पुरखा मन के बनाए."

म्हणजे पूर्वजांनी बांधलेला हा मातीचा बांध, हाच गढ! पद्मजानं टेप काढला. एक टोक पिंकीनं धरलं, आकडे इंद्रजीतनं लिहिले. फेरा पुरा होत आला आणि पलीकडून घरघर ऐकू आली. एक यंत्र बांध उकरत होतं आणि डंपर भरत होते. नव्या रस्त्याच्या भरावाला माती लागत होती.

"बंद करो!" पद्मजा यंत्रापुढे जाऊन उभी राहिली. "ये किला है."

ठेकेदाराचा माणूस हसला. "किला? कहाँ है किला, दीदी? मिट्टी ही तो है."

इंद्रजीतनं तिला हात धरून बाजूला घेतलं. ती जीपमध्ये येऊन बसली. "त्याचं काय चुकलं?" ती म्हणाली. "आम्हीच जर छापलं का गढ म्हणजे दगडाचे बुरूज, तं ह्या मातीले गढ म्हणंल कोण?"

रायपूरला परतल्यावर तिनं कोटरापाली जशी होती तशी काढली, उकरलेल्या भगदाडासकट. साहेबांनी कागद दूर सारला. "नया राज्य है. लोग क्या कहेंगे, हमारे पास मिट्टी के ढेर हैं? बुर्ज लगाइए."

"नहीं लगाऊँगी."

"फिर सोच लीजिए."

"सोच लिया, सर. झूठे नक्शे पर मेरे दस्तखत नहीं होंगे."

महिनाभरात तिची आवक-जावक विभागात बदली झाली. पुस्तिका दुसऱ्या कोणी काढलेल्या बुरुजांसह छापली गेली. कोटरापालीच्या चित्रात तर हत्तीसुद्धा होता. पद्मजानं ती पुस्तिका पाहिली आणि आपल्या नकाशाच्या दोन प्रती काढल्या.

रविवारी ती एकटीच बसनं कोटरापालीला गेली. एक प्रत तिनं सरपंचाला दिली, एक मीराबाईला. मापं टाकलेला कागद हातात आल्यावर गावाला धीर आला. ग्रामसभेनं ठराव केला, बाया बांधावर जाऊन बसल्या. आठ दिवसांनी यंत्र निघून गेलं. पण तोवर बांधाचा चौथा हिस्सा रस्त्याखाली गेला होता.

"बाकीचा तर वाचला ना, मम्मी," पिंकी समजावत होती.

"वाचला काय, पिंके! हजार वर्षं टिकलेला होता तो," पद्मजा म्हणाली. तिनं यादीतल्या पुढच्या गावाखाली रेघ मारली आणि जीपसाठी भैय्यालालला फोन लावला.